फलाटावर थांबलेली साक्ष

महेबूब मास्तर,

सुनावणी अर्ध्यावर असताना एका पक्षाने उठून निघून जावे आणि दुसऱ्याने कागद छातीशी धरून रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसावे, हा कोणत्या संहितेतला न्याय आहे, हे मला अजून कळलेले नाही. मागच्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर तुम्हाला माती दिली. दुःख झालेच, परंतु त्याच्याही आधी मला राग आला, आणि तो झाकून चार गोड वाक्ये लिहिणे म्हणजे तुमच्याशीच खोटे बोलणे होईल. माझा राग तुमच्या परिचयाचा होता. "वकीलसाब, ह्या मुलखात पोस्टमनची नोकरी तुमच्यामुळंच टिकून हाय," असे तुम्ही चारचौघांत म्हणायचात आणि मी चिडलो की आणखी हसायचात.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती, निवृत्ती केव्हा, हे वर्तमानपत्रवाले छापतील आणि चुकीचे छापतील. दुरुस्तीची पत्रे मी पाठवीनच. इथे मला दुसरेच बोलायचे आहे.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या वर्षी आमची वस्ती जाळली गेली. गावाचे नाव लिहीत नाही. चुडावा स्टेशनवरून चालत जाता येते एवढेच सांगतो, कारण तिथे आजही माझी माणसे राहतात. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुम्ही माझ्या दारात आलात. मी फिर्यादीच्या नकला करीत बसलो होतो. तुम्ही शाळेतले मास्तर, आमच्या वस्तीतल्या पोरांना छडी न मारणारे म्हणून ठाऊक असलेले, एवढीच आपली तोवरची ओळख.

"एक अर्ज लिवून द्या," तुम्ही म्हणालात. "स्टेशनच्या फलाटावर इतवारी सकाळी पोरं बसवायचीत."

"काय शिकवणार?"

"पोथ्या."

मी लेखणी खाली ठेवली. छप्पन साली आम्ही एक गाठोडे कायमचे खाली टाकून आलो होतो, घटनेखेरीज दुसरा ग्रंथ माझ्या घरात उंच जागी नव्हता, आणि बाहेर आमच्या घरांची राख अजून पावसाने पुरती धुतली नव्हती. अशा वेळी हा गृहस्थ पोरांच्या हाती पुन्हा पोथ्या देणार! मी तुम्हाला बरेच बोललो. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "तुमी कायद्याच्या एका ओळीचा अर्थ लावायला दिवसभर भांडताव. ह्या पोथ्यांचा अर्थ लावायचं काम मात्र ज्यांनी घरं पेटवली त्यांच्यावर सोडून देताव. हे कसं?"

मी विषय बदलला आणि फलाटच का, असे विचारले.

"देवळात बसवलं तर तुमचं येनार न्हाई. मशिदीत बसवलं तर पाटलाचं येनार न्हाई. विहारात बसवलं तर दोघं बी येनार न्हाईत. फलाटावर समदे येतात. गाडी चुकंल म्हणून तरी येतात."

फलाट ही केंद्र सरकारची हद्द. तिथे गावकीचा हुकूम चालत नाही, हा मुद्दा मला मनातून आवडला. अर्ज मी लिहिला. परवानगीच्या कागदावर जबाबदार इसम म्हणून सही माझीच झाली, आणि त्या सहीपोटी दर रविवारी तुमच्या पाठीमागच्या बाकावर बसणे मला भाग पडले.

तुमच्या वर्गाची रीत मी नंतर कुठेही पाहिली नाही. आपल्या घरची पोथी आपण वाचायची नाही. दुसऱ्याच्या घरची घ्यायची, तिच्यातले एक वचन निवडायचे, त्याचा अर्थ सांगायचा. ज्याच्या घरची पोथी असेल त्याने फक्त "आमच्यात असंच म्हणतात" किंवा "आमच्यात असं म्हणत नाहीत" एवढेच बोलायचे. मग आठवडाभर ते वचन वापरून पाहायचे आणि पुढच्या रविवारी काय झाले ते सांगायचे. जमले नाही तर तेही सांगायचे. "जमलं न्हाई हे सांगताना मान खाली घालायची न्हाई," हा तुमचा नियम होता.

एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा आमच्या वंदनेच्या पुस्तिकेतले प्राणिहत्या न करण्याचे वचन घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी रडकुंडीला येऊन म्हणाला, "मास्तर, बा म्हणतो फवारणी कर. बोंडअळी प्राण्यात धरायची का न्हाई?" तुम्ही शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलेत: "वचन त्यांच्या घरचं. त्यांना विचार." मी उद्देश आणि कृती यांतला भेद त्याला बराच वेळ समजावला. तो म्हणाला, "म्हंजे मारू का नको?" सगळा फलाट हसला. माझी नात सुजाता मानापमान सारखे मानण्याचे वचन पाटलांच्या पोथीतून घेऊन आली आणि ते स्वतःवर न वापरता माझ्यावर वापरू लागली. "आजोबा, हा आठवडा कुणालाच पत्र लिवायचं न्हाई." आठवडा पुरा झाला नाही, मास्तर. शिक्षणाधिकाऱ्यांनी मध्येच एक मूर्खपणाचे परिपत्रक काढले.

परंतु आपले पहिले मोठे भांडण झाले ते नळावरून. वर्गाच्या सुरुवातीलाच मी पाहिले की सुजाता फलाटावरच्या नळाखाली हात धरून उभी आहे, तुम्ही पाणी सोडता आहात, आणि मग ती ओले हात फ्रॉकला पुसून लाल फडक्यातली पाटलांची पोथी उचलते आहे. माझ्या आज्याने ज्या पाण्यासाठी ओंजळ पसरली, त्याच पाण्याने माझी नात शुद्ध होऊन पोथीला शिवणार? घरी जाऊन मी तुम्हाला पत्र लिहिले. त्यात घटनेचे अस्पृश्यता संपवणारे सतरावे कलम होते आणि कलमाहून तिखट बरेच काही होते.

तुम्ही पत्र हातात घेऊनच आलात. चेहरा उतरलेला. "वकीलसाब, समदेच हात धुतात. पाटलाची पोरगी तुमच्या पुस्तिकेला हात लावायच्या आधी धुती. मी बी धुतो. आमच्यात किताब अशी धुतल्या हातानंच घेतात. मला वाटलं, समद्याच पोथ्यांचा तेवढा मान ठेवावा."

मी म्हणालो, "पाणी सगळ्यांच्या हातावर सारखेच पडते, मास्तर. आठवण सारखी नसते."

पुढच्या रविवारी नळाकडे कोणी गेले नाही. तुमच्या घरचा ग्रंथसुद्धा तुम्ही पोरांच्या हाती तसाच दिलात. त्यावरून तुमच्याच मोहल्ल्यात तुम्हाला काय ऐकावे लागले, ते मला फार उशिरा तुमच्या भावाकडून कळले. तुम्ही ते मला कधी सांगितले नाही आणि मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो. दिवाणी दाव्यात अशा विलंबाला माफी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहितो आहे, तिच्याकडे येतो.

मंदा म्हणू या तिला. खरे नाव तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. तिने लिहा म्हटले आहे, पण मी बदलले आहे. हसू नका.

मंदा त्याच पाटलांच्या घरची, ज्यांची लाल फडक्यातली पोथी वर्गात यायची. मॅट्रिकच्या वर्गात होती. तिच्या वाट्याला तुमच्या घरचा ग्रंथ आला आणि त्यातले साक्षीबद्दलचे वचन तिने निवडले: साक्ष द्यायची ती खरी द्यावी, मग ती आपल्याच माणसांच्या विरुद्ध का जाईना, असा त्याचा आशय.

"आपल्या मायबापाच्या विरोधात बी?" तिने विचारले.

"आमच्यात असंच म्हणतात," तुम्ही उत्तर दिलेत.

पुढच्या रविवारी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला जमलं न्हाई." नियमाप्रमाणे तिने मान खाली घातली नाही. समोरच्या रुळांकडे पाहत तिने सांगितले की वस्ती पेटली त्या संध्याकाळी ती घराच्या माळवदावर होती, आणि गयाबाईच्या छपरावर टेंभा फेकणारा माणूस तिने ओळखला होता. "माझे वडील. दादाच व्हते. पोलीस आले तवा दादांनी शेतात व्हतो म्हणून सांगितलं. मी तिथंच उभी व्हते. आठवडाभर रोज ठरवायलेय, आज बोलते, आज बोलते. जमलं न्हाई."

गयाबाई आमच्या वस्तीतली विधवा. तिचे घर, वर्षाची ज्वारी आणि दावणीची शेळी जळाली. तिची फिर्याद मीच लिहिली होती. मंदाच्या वडिलांवर आणि आणखी काही जणांवर संशयावरून सत्र न्यायालयात तो खटला उभा होता आणि त्यात एकही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता. सगळे गाव त्या संध्याकाळी शेतात होते म्हणे. आणि इथे माझ्यापासून चार हातांवर, केंद्र सरकारच्या हद्दीत, साक्षीदार बसला होता.

पोरे गेल्यावर मी उठलो. "उद्याच सरकारी वकिलांना भेटतो. हिचे नाव साक्षीदारांत घालून समन्स काढायला लावतो."

तुम्ही माझ्या वाटेत उभे राहिलात. एवढ्या वर्षांत एकदाच. "न्हाई. इथं बोललेलं इथं ऱ्हाईल. हा वर्ग हाय, चौकी न्हाई."

"मास्तर, तुम्हीच तिला वचन वाचायला दिलेत!"

"दिलं. वचन तिचं हाय आता. कवा पाळायचं ते बी तिचंच."

"आणि गयाबाई?"

तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "कोर्टात उभी ऱ्हायली तर त्या दिवशी सांजच्याला जेवायला कुठं जाईल पोरगी?"

"माझ्या घरी."

"दुसऱ्या दिवशी?"

"माझ्या घरी! मास्तर, कायद्याने—"

"कायदा साक्षीदाराला कोर्टाच्या दारापर्यंत आणतो, वकीलसाब. परत घरी सोडाया कुनी येत न्हाई. शाळा सुटंल तिची. महिन्यात कुठंतरी लांब देऊन टाकतील. तिच्या मागं तिच्या घरातली दुसरी पोरगी ह्या फलाटावर येईल का कदी?"

मी तुम्हाला भेकड म्हणालो. आणखीही एक शब्द वापरला. तो तुम्हाला आठवत असेलच. समन्स मात्र मी काढायला लावले नाही, कारण अल्पवयीन मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या इच्छेविरुद्ध ओढून काढावी की नाही, याचा निर्णय माझ्याच्याने झाला नाही. पण दर रविवारी बाकावर बसून मी तिच्याकडे पाहत असे, आणि तुम्ही माझ्याकडे.

सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. परभणीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात गयाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी निकाल समजावून सांगितला. तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "म्हंजे वकीलसाब, माझं घर आपुआप पेटलं व्हय?"

तो प्रश्न मी जसाच्या तसा पत्रात लिहून तुम्हाला पाठवला. त्याखाली एवढेच लिहिले की याचे उत्तर तुमच्या वर्गाने द्यावे. तुम्ही आलात, चहा घेतलात, पत्र घडी करून खिशात ठेवलेत, आणि निघून गेलात. त्यानंतर मी फलाटावर यायचे थांबवले. सही मात्र मागे घेतली नाही. ती घेतली असती तर वर्ग बंद झाला असता, आणि तेवढा राग माझ्यातही नव्हता.

पुढली वर्षे आपण भेटत राहिलो. पाऊसपाण्याचे बोलायचो, तुमच्या गुडघ्यांचे, माझ्या पत्रांचे. सुजाता शिकून शिक्षिका झाली आणि राणीसावरगावला पोरांना तुमच्याच रीतीने पोथ्या बदलून वाचायला देते, हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही डोळे पुसलेत. गयाबाईचे नाव दोघांनीही काढले नाही. यंदाच्या जानेवारीत नामांतराचा निर्णय झाला. आमची पोरे मिरवणूक काढून येत होती. तुम्ही जिलबीचा पुडा घेऊन आलात, माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "वकीलसाब, तुमाला एक सांगायचं राहिलंय."

ढोल-ताशा दारात आला होता. मी ओरडून म्हणालो, "उद्या बोलू!"

दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप होता. मग दवाखाना, मग परभणी. ते बोलणे राहिले.

जनाजा उचलण्यापूर्वी तुमच्या भावाने, तुमच्यात रीत आहे तसे, जमलेल्यांना विचारले: मास्तरांकडून कोणाचे मन दुखावले असेल, काही कहा-सुना झाले असेल, तर आता सांगा, नाहीतर माफ करा. अंगणात सगळा गाव होता. मीही होतो. माझा दावा इतकी वर्षे तयार होता, मुद्देसूद, तोंडपाठ. मी बोललो नाही. तुम्ही उलट उत्तर देऊ शकणार नव्हता, आणि एकतर्फी निकाल मी आयुष्यात कधी मागितला नाही. पण माफ केले, असेही मी म्हणालो नाही, मास्तर. हे तुम्हाला कळले पाहिजे.

रविवारी दुपारी मानवतहून एस.टी.ने मंदा आली. तिकडे दिलेली, दोन मुले आहेत, शाळेत शिकवते. तुमच्या घरी बायकांत बसून रडली आणि मग विचारत विचारत थेट माझ्या दारात.

"वकीलसाब, मी सांगायला आले."

"कोणाला?"

"कोर्टाला. तुमी घेऊन चला."

मी तिला समजावले. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. अपिलाची मुदत कधीच संपली. तिच्या साक्षीला आता जगातल्या कोणत्याही न्यायालयात जागा नाही. मी हे सांगत होतो आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. तिचे वडील अजून आहेत. दिवसभर ओसरीवर खाटेवर असतात. "त्यांच्या कानावर जाईल," मी म्हणालो. "तुझ्या सासरीही जाईल."

"जाऊ द्या." मग म्हणाली, "मास्तर दर वर्षी मानवतला यायचे. पोरांचा अभ्यास घ्यायचे, च्या पिऊन जायचे. एकदा बी विचारलं न्हाई. एकदा विचारलं असतं तर मी चिडले असते, म्हणले असते जमत न्हाई जा. विचारलंच न्हाई. पुढच्या वर्षी सांगते, पुढच्या वर्षी सांगते, असं करत बसले. ह्या वर्षी मीच त्यांना चिठ्ठी धाडली व्हती, या म्हणून. तर ही बातमी आली."

दर वर्षी तुम्ही तिथे जात होता, हे मला ठाऊक नव्हते. ढोल-ताशात राहून गेलेले बोलणे हेच होते की दुसरे काही, हे आता कोण सांगणार? मी रागावलो, मास्तर. तुम्ही मला हे आधी सांगितले असते तर मी... काय केले असते, मला माहीत नाही. बहुधा पत्र लिहिले असते.

मी काठी घेतली आणि म्हणालो, "चल. गयाबाई आहे अजून."

गयाबाईला आता दिसते कमी. दाराशी बसून शेंगा फोडत होती. मंदा तिच्यासमोर जमिनीवरच बसली, कोणाची ते सांगितले, आणि सगळे सांगितले. माळवद, टेंभा, वडिलांचे नाव. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावे लागले.

गयाबाईचा हात शेंगांत तसाच राहिला. तिने मंदाच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि जा पोरी, झालं गेलं, असेही म्हणाली नाही. "लय उशीर केलास," एवढे म्हणाली. मंदा मान वर ठेवून ऐकत राहिली. तुम्ही निदान तेवढे तरी शिकवले होते.

मग म्हातारीने शेजारच्या घरांकडे तोंड करून हाका मारल्या. सुना बाहेर आल्या, म्हातारे आले, मिरवणुकीत नाचलेली पोरे आली. जाळपोळ झाली तेव्हा यांतली निम्मी जन्मलीसुद्धा नव्हती. सगळे गोळा झाल्यावर गयाबाई मंदाकडे वळली.

"आता पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग. समद्यांला आयकू जाऊ दे, माझं घर आपुआप पेटलं नव्हतं म्हणून."

मंदा उठून उभी राहिली, आणि तिने सांगितले.